उघड्या पोटाचं चिलखत

आवृत्ती ३. पोटावर चार पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. आत गादी. खांदे साधे, टाचा सपाट. वाकता येतं, पळता येतं, उकिडवं बसता येतं.

संयोगिता सरनाईकनं हे चिलखत कागदावर काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एकच अंग होतं, हर्षदा सुतारचं. दुसरं कुणाचं असणार? कोल्हापूरच्या पेठेतल्या तालमीत दोघी वयाच्या नवव्या वर्षापासून मर्दानी खेळ शिकल्या. फरी-गदक्याच्या लढतीत, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्यात कातडं मढवलेली काठी, दोघींची जोडी ठरलेली. बारा वर्षं त्यांनी एकमेकींना मनसोक्त मारलं. हर्षदाच्या डाव्या बरगडीखाली किती मांस आहे, हे संयोगिताला स्वतःच्या अंगापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तालमीत एक रीत होती. लढतीआधी आनंदा वस्ताद गदक्याची टोकं ओल्या गेरूत बुडवायचे. पोरींच्या अंगात पांढरे सदरे. लढत संपली की वस्ताद ते सदरे उन्हात धरून वाचायचे, वैद्य जीभ बघतो तसे. कोपरावर डाग म्हणजे शाबासकी, कारण कोपर वेळेवर आडवं आलं. पोटावर डाग म्हणजे शिव्या, आणि वर दोघींचे सदरे धुवायचे. गेरू सहजी निघत नाही. संयोगितानं आयुष्यात फार सदरे धुतले. हर्षदाला ती पाळी क्वचित आली. वार पोटाकडे निघाला रे निघाला की तिचं कोपर पडायचं, दाराची कडी आपसूक पडावी तसं. तिला विचारलं तर म्हणायची, मी काही करत नाही, ते आपलं आपण जातं.

पुढे संयोगिता चित्रकला शिकली, पुण्याला गेली आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत पात्रांचे कपडे, शस्त्रं, चिलखतं काढू लागली. हर्षदा कोल्हापुरातच राहिली, शाळेत हंगामी खेळशिक्षिका म्हणून. ‘अठरा दरवाजे’ नावाच्या मोठ्या खेळाचं काम निघालं आणि त्यातल्या सौदामिनी नावाच्या लढवय्यीला खरं अंग हवं होतं, तेव्हा संयोगितानं कुणाला विचारायच्या आधीच हर्षदाचं नाव देऊन टाकलं.

“तिथं मला काय करायचं असतंय?” हर्षदानं फोनवर विचारलं होतं.

“रोज सात तास लढायचं.”

“आणि पगार देत्यात? मग मी आलो की.”

स्वतःबद्दल ती अशीच बोलायची, ‘मी आलो, मी गेलो’, पेठेतल्या सगळ्या पोरींसारखी. पुण्यातल्या मुली हसल्या तरी तिनं ते बदललं नाही.

आवृत्ती ७. पोट मोकळं, बेंबीच्या वर चार बोटं ते खाली चार बोटं. छातीवर दोन वाट्या. खांद्यांवर पंख. टाचा उंच.

ही आवृत्ती संयोगिताची नव्हती. स्टुडिओचा कलाप्रमुख निनाद सबनीस यानं तिची तिसरी आवृत्ती भिंतीवर लावून दोन आठवडे पाहिली आणि म्हणाला, चिलखत उत्तम आहे, पण आत कोण आहे ते कळत नाही. निनाद वाईट माणूस नव्हता. घरी दोन मुली होत्या, कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि लोक काय निवडतात हे त्याला वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. लोक दिसणं निवडतात. मांडणीत शेजारी शेजारी दोन चिलखतं ठेवली, एक जीव वाचवणारं आणि एक मिरवणारं, तर दहातली नऊ माणसं मिरवणाऱ्याला हात घालतात.

संयोगितानं वाद घातला. छातीच्या वाट्या तलवारीचं टोक घसरवून नेमकं मधल्या हाडावर आणतात. खांद्यावर पंख असले तर हात डोक्यावर जात नाही. उंच टाचेवर उभं राहून दांडपट्टा फिरवून दाखवा, मग बोलू. निनादनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पडद्यावरच्या खेळांत चाळीस वर्षं बायका उघड्या पोटानं लढताहेत, कोण मेलंय?

यावर तिच्याकडे उत्तर होतं. चाळीस वर्षं खेळणारा खुर्चीत बसलेला होता. आता तो कातड्यात होता.

कातडं म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसणारा पोशाख. इचलकरंजीच्या ज्या मागांवर एके काळी धोतरं निघायची, त्यांच्यावरच आता हा कपडा निघत होता. त्याच्या धाग्यातून बारीकशी वीज सोडली की धागा आवळतो. शिवाय दर बोटभर अंतरावर एक ठिपका असतो, तो कातडीखालच्या नसेला इतका नेमका इशारा देतो की मेंदूला खरा स्पर्श आणि हा स्पर्श वेगळे काढता येत नाहीत. डोळ्यांवर चष्मा, पायाखाली सरकती चटई, अंगात कातडं. खेळात खांद्यावर तलवार बसली की आपल्या खांद्यावर बसते. वळ उठत नाही, पण दुखतं. चिलखत जड असेल तर सांधे आवळून तेवढं जडही होतं. चिलखत जिथे आहे तिथे वार बोथट लागतो, जिथे नाही तिथे धारदार.

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. चाचणीला बोलावलेल्या लोकांनी सातवी आवृत्ती हौसेनं निवडली, आरशात स्वतःला निरखलं, लढाईत उतरले आणि पाचव्या मिनिटाला पोट धरून बाहेर आले. वार सारखे पोटावरच बसत होते. पुन्हा आत जायला कुणी तयार होईना. पण तिसऱ्या आवृत्तीलाही कुणी हात लावीना.

आवृत्ती ९. दिसायला सातवीसारखी. गळ्याला पट्टी आहे. टाचा सपाट. पंख काढले. पोट उघडं दिसतं, पण उघडं धरू नये.

शेवटचं वाक्य संयोगिताचं. तिच्याच हस्ताक्षरात, तारखेसकट.

तिनं सौदा केला होता. गळपट्टी मला द्या, टाचा उतरवा, ते पंख काढा, मग पोट तुमचं. उघडं दाखवा, फक्त कातड्याला सांगा की तिथे पत्रा आहे. वार बसला की गुदगुल्या होतील, दुखणार नाही. निनादनं तिचा हात हातात घेऊन दाबला. बैठकीतून बाहेर पडताना संयोगिताला आपण जिंकल्यासारखं वाटत होतं. चार मागितले, तीन मिळाले. तालमीतही कधी तिला चारातले तीन डाव मिळाले नव्हते.

त्यानंतर हर्षदा सव्वा वर्ष नववी आवृत्ती लढली. सौदामिनीची प्रत्येक हालचाल तिच्या अंगातून काढायची होती, मग त्या हालचाली तपासायच्या, मग सुधारलेल्या पुन्हा तपासायच्या. रोज सात तास, आठवड्याचे सहा दिवस. शेकडो वार रोज तिच्या पोटावर यायचे आणि फुंकर घातल्यासारखे विरून जायचे. दुपारी डबा खाताना ती सांगायची की सौदामिनी लई भारी बाई आहे, तिला पोटाची फिकीरच नाही, दोन्ही हात मारायला मोकळे.

चौथ्या महिन्यात स्टुडिओच्या सल्लागार डॉक्टर फरीदा मुजावर यांनी एक पानभर टिपण पाठवलं. साध्या भाषेत होतं. मेंदू आपल्या अंगाचा एक नकाशा जवळ बाळगतो, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तो नकाशा पक्का नसतो. डोक्यावर घागर घेतलेली बाई दाराच्या चौकटीखाली घागरीच्या उंचीनं वाकते, कारण घागर तिच्या नकाशात आलेली असते. नकाशा वाढतो तसा तो पुसटही होतो. कुठे पहारा ठेवायचा हे मेंदू अनुभवावरून ठरवतो. एका जागी दहा हजार वार आले आणि एकही लागला नाही, तर तिथला पहारेकरी तो दुसरीकडे पाठवतो. चाचणीतल्या सहा जणांचं कोपर पोटाकडे पूर्वीपेक्षा उशिरा जातं आहे. एकीचं जातच नाही. नवी आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी हे तपासावं.

एकीचं. नाव नव्हतं, पण सात तास रोज कातड्यात असणारी एकच होती.

संयोगितानं टिपण दोनदा वाचलं. मग ‘पुढच्या आवृत्तीसाठी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं. त्या फोल्डरमध्ये सौदामिनीच्या केसांचे रंगही होते.

आवृत्ती ९. बदल नाही.

नवरात्रात तालमीच्या पटांगणात लढती व्हायच्या. खेळ दिवाळीला बाजारात येणार होता, सौदामिनीचे फलक पुण्यात लागलेही होते, आणि हर्षदाला सुट्टी मिळाली. सहाव्या माळेला तिची लढत सांगलीच्या एका मुलीशी ठरली. तीन दिवस आधी दोघी मैत्रिणी सरावाला उभ्या राहिल्या. वस्तादांनी गदके गेरूत बुडवले.

संयोगिताला सराव नव्हता. दोन वर्षांत तिनं गदका धरला नव्हता, दम लागत होता, पाय अडखळत होते. तरी तिचे वार बसत होते. एक बसला, दुसरा बसला. हर्षदा हसत होती, पुढे येत होती, तिचा हात पूर्वीपेक्षा जलद चालत होता. संयोगिताच्या खांद्यावर, मांडीवर, फरीवर सटासट वार पडत होते. पण मधे सगळं उघडं होतं. दार सताड टाकून घरमालकीण अंगणात नाचावी, तसं काहीतरी.

वस्तादांनी सदरे उन्हात धरले. हर्षदाच्या पोटावर पाच डाग होते.

“हे काय?” ते म्हणाले.

हर्षदानं डागांकडे बघितलं, मग संयोगिताकडे. “कधी मारलंस गं?” तिला खरंच माहीत नव्हतं. “असू दे. आज सदरे मी धुतो.”

ती विहिरीकडे गेली. वस्तादांनी संयोगिताला विचारलं, पोरगी आजारी आहे का? त्या वेळी बोलायला हवं होतं. तिघंच होते, ऊन होतं, घाई कसलीही नव्हती. नुसतं म्हणायचं होतं की या वर्षी तिला उतरवू नका, का ते मी सांगते. पण सांगायचं म्हणजे टिपण सांगायचं, टिपण सांगायचं म्हणजे फोल्डर सांगायचा, आणि ‘उघडं धरू नये’ या वाक्याचं हस्ताक्षरही. दिवाळी तीन-चार आठवड्यांवर. दोनशे माणसांचं तीन वर्षांचं काम. तिच्या मनात हे सगळं एका दमात फिरून गेलं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं:

“दमलीय ती, वस्ताद. पुण्यात झोप होत नाही.”

विहिरीवर जाऊन तिनं हर्षदालाही तेच सांगितलं. वर, जरा कोपराकडे लक्ष ठेव, एवढं जोडलं. हर्षदा सदरा आपटता आपटता म्हणाली की कोपराकडे लक्ष ठेवायचं असतं होय? ते आपलं आपण जातंय.

आवृत्ती ९. बदल नाही.

सांगलीच्या मुलीनं काहीही चुकीचं केलं नाही. हे सगळ्यांनी नंतर सांगितलं आणि ते खरं होतं. लढतीच्या तिसऱ्या फेरीत तिनं डाव्या बाजूनं पोटाकडे वार काढला, जसा शिकवतात तसा, समोरचीचं कोपर येणारच या हिशेबानं पुरत्या ताकदीनं.

कोपर आलं नाही. पोटाचे स्नायूही आवळले नाहीत. माणसाचं अंग मार येताना दिसला की आपसूक दगड होतं, तेही झालं नाही. हर्षदानं वार अंगावर घेतला, जणू वारा आला, आणि दोन्ही हात वर उचलले. संयोगितानं ती हालचाल ओळखली. ती सौदामिनीची होती. फलकावर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदानं आणखी दोन वार केले, दोन्ही नेमके. मग ती सावकाश खाली बसली, काहीतरी विसरल्यासारखी, आणि आडवी झाली.

पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. दवाखान्यात नेईपर्यंत पोट रक्तानं भरलं होतं. काढून टाकावी लागली.

आवृत्ती १०. पोट उघडं दिसेल तर उघडं लागेल. नको असेल त्यानं तिसरी आवृत्ती घ्यावी.

संयोगितानं दहावी आवृत्ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिली, टिपण वर काढलं आणि निनादला सगळं कळवलं. तो हादरला. मन लावून धडपडला, दिवाळीच्या आत दहावी आवृत्ती खेळात गेली. पण खेळणाऱ्याला दुखणं कमी-जास्त करायची सोय चाचणीत नसली तरी बाजारातल्या खेळात द्यावीच लागायची, ती काढता येत नव्हती. महिन्याभरात बहुतेकांनी पोटापुरतं दुखणं बंद करून टाकलं. तिसरी आवृत्ती यादीत सगळ्यात खाली होती, ‘जुनं, साधं’ या नावानं. लाखो माणसांत ती घालणारी अकरा निघाली. आणि उन्हाळ्यापर्यंत घराघरांत तरुण पोरं ओट्याच्या, टेबलाच्या कोपऱ्यांवर आपटू लागली, नेमकी पोटाच्या उंचीला. आपटल्यावर चकित व्हायची. आयांना वाटायचं, पोरांचं लक्ष नाही.

पण हे पुढचं. दवाखान्यात आठव्या दिवशी हर्षदा उशीला टेकून बसली होती, आणि संयोगितानं तिला टिपणाबद्दल सांगितलं. काही लपवलं नाही. केसांच्या रंगांबद्दलही सांगितलं. हर्षदा खिडकीबाहेर बघत राहिली.

“डॉक्टरीण बाईनं कधी लिवलं म्हणालीस?”

“चौथ्या महिन्यात.”

“म्हणजे अकरा महिने.” तिनं बोटांवर मोजलं. “मला वाटायलं, मी म्हातारी झालो. कोपर का पडलं न्हाई, कोपर का पडलं न्हाई, आठ दिवस तेच बघतोय. रडलो बी. आणि तुला माहीत होतं.”

संयोगितानं माफी मागितली. हर्षदानं ऐकली, होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आईनं आणलेलं मोसंबं सोलायला घेतलं आणि अर्धं संयोगिताच्या हातावर ठेवलं. ते कसं समजायचं हे तिला आजही कळलेलं नाही.

आवृत्तीला क्रमांक नाही. कपडा नाही. वीज नाही.

गेलेला पहारेकरी परत आणायचा कसा, याचं कातड्यात उत्तर नव्हतं. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, बहुधा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं येईल, पण खऱ्या स्पर्शानं. आनंदा वस्तादांनी हेच न शिकता सांगितलं: मार खाऊन यायचं असतं ते. चार महिन्यांनी टाके पक्के भरले, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि हर्षदाचा पुण्याला फोन आला. गदक्याला कापूस गुंडाळायचा, रोज सकाळी चाळीस वार पोटावर, कोपर पडेपर्यंत. “येतीस का?” एवढंच ती म्हणाली. संयोगितानं त्याच दिवशी बिनपगारी रजा घेतली. सबंध रस्ताभर तिला वाटत होतं की आपल्याला क्षमा झाली, ती फक्त अजून उच्चारली गेलेली नाही.

पहिल्या दिवशी चाळीस वार झाले. कोपर हललं नाही. दहाव्या दिवशी नाही, विसाव्या दिवशी नाही. हर्षदा घामाघूम उभी राहायची, डोळे वारावर, ओठ घट्ट. वार यायचा, पोटाला टेकायचा, जायचा. वस्ताद ओट्यावर बसून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी कळलेलं होतं.

सव्विसाव्या दिवशी अकराव्या वारानंतर हर्षदानं हात वर केला.

“तू मारतच न्हाईस.”

“मारते की.”

“हात येतोय. मार येत न्हाई.” ती चिडलेली नव्हती, हेच वाईट होतं. “शेवटच्या वितीला तू काठी धरून ठेवतीस. माझ्या अंगाला कळतंय ते. डोळ्याला कळायच्या आधी कळतंय.”

“तिथे टाके होते, हर्षे.”

“होते. डॉक्टर म्हणतोय मारा. वस्ताद म्हणत्यात मारा. आता मार एक. मला लागंल असा.”

संयोगितानं पाय रोवले. गदका उचलला, डाव्या बाजूनं काढला, आणि तिला मनापासून मारायचं होतं, शपथेवर मारायचं होतं. काठी पोटापाशी दोन बोटांवर थांबली. हात तिचा होता आणि तिचं ऐकत नव्हता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दोन बोटं. तिसऱ्या वेळी तर चार.

हर्षदानं काठीचं टोक हातानं बाजूला केलं.

“त्या खेळात असंच होतं बघ. तलवार दिसायची, वाटायचं आता आली, आणि काहीच न्हाई. सव्वा वर्ष. आता सव्वीस दिवस तू तेच शिकवालीस.” तिनं घाम पुसला. “उद्यापासनं येऊ नकोस. मला मारणारं माणूस पाहिजे.”

संयोगिता वस्तादांकडे वळली. ते मान खाली घालून कापसाच्या पेळूशी चाळा करत होते. बाहेर पडताना दारात तिला एक थोराड मुलगी भेटली, कसबा बावड्याची, तालमीत नुकतीच दाखल झालेली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं विचारलं, ताई, आत काय धरायचंय? गदका, संयोगिता म्हणाली, आणि आपल्या हातातलाच तिला दिला.

पुण्याला परतल्यावर तिनं चिलखतं काढायचं सोडलं. आता ती खेळातली झाडं काढते, दगड काढते, लांबचे डोंगर. निनादनं कारण विचारलं नाही.

वस्तादांचा फोन पाच आठवड्यांनी आला. त्यांनी आधी हवापाणी विचारलं, मग म्हणाले, पडलं कोपर. परवा एकदा, काल तीनदा, आज दहातलं सातदा. पोरगी हसली, मग रडली, मग जेवायला बसली ती उठेना. पुढच्या रविवारी येऊ का, असं संयोगितानं विचारलं.

“बघायला ये म्हणाली,” वस्ताद म्हणाले. “आतनं न्हाई. लोकांत बसून.”

ती बरं म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, फार लागलंय का तिला?

“पोट सगळं काळंनिळं हाय,” वस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की जणू शेताला पाणी लागलं होतं. “बोट ठेवायला जागा न्हाई.”

फोन ठेवल्यावर संयोगिता उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. हर्षदाच्या पोटावर तेवढे वळ होते, आणि त्यांतला एकही या हाताचा नव्हता.